टॉर्करावांनी गाडी खाली बसवली

रोज सकाळी आंघोळ झाली की टॉर्कराव इमारतीच्या तळघरात उतरत, आपल्या गाडीचं बॉनेट उघडत, इंजिन चालू करत आणि मान तिरकी करून ऐकत उभे राहत. नाडी धरून बसलेल्या वैद्याचा असावा तसा चेहरा. इंजिन गुरगुरे. टॉर्कराव ओठ मुडपून "हं" म्हणत, एखाद्या दिवशी "अंहं" म्हणत. मग इंजिन बंद, बॉनेट बंद, मऊ फडक्यानं गाडीचं नाक पुसायचं, फडक्याची चौकोनी घडी घालायची आणि कामावर जायला बस पकडायची.

हो, बस. शहराच्या गर्दीत इंजिनाची तब्येत बिघडते, असं त्यांचं मत होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणं हा गाडीचा अपमान होता, आणि गाडीचा अपमान त्यांना सहन होत नसे. स्वतःचा होत असे. बसमध्ये कुणाच्या तरी काखेखाली मान घालून ते दुकानापर्यंत उभे जात, आणि तेवढ्या वेळात ड्रायव्हरनं गिअर किती उशिरा बदलला याची मनातल्या मनात नोंद करत.

दुकान चष्म्यांचं होतं. टॉर्कराव काउंटरमागे उभे राहून फ्रेमा वाकवत, काचा घासून बसवत. काम चोख. पण गिऱ्हाइकांशी त्यांचं बोलणं म्हणजे, "वर बघा. खाली बघा. नाकावर टोचतंय का?" यापुढे शब्द जात नसत. शब्द ते रविवारसाठी राखून ठेवत.

नावही त्यांना रविवारीच मिळालं होतं. कुणी नव्या गाडीचं कौतुक सुरू केलं की ते हात वर करून म्हणत, "हॉर्सपॉवरचं मला सांगू नका. टॉर्क किती, म्हणजे इंजिनाची ओढ, आणि ती कुठल्या आरपीएमला येते, ते बोला." समोरच्याला ते ठाऊक नसे. टॉर्कराव दयाळूपणे हसत. हे हसू त्यांच्या बायकोला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात भेटलं होतं, तिनं कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरल्याचं कबूल केलं तेव्हा. पुढे ते तिच्या घरातलं एक सामान झालं, फॅनसारखं, खुर्चीसारखं.

ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "श्वास आत घ्या, धरून ठेवा, हं, सोडा" म्हणायची. घरात दोघंच. गाडी धरली तर तिघं. आणि तिघांत मान कुणाचा, याबद्दल तिला कधी शंका आली नाही.

रविवारची सभा टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत भरे. सभासद चार. टॉर्कराव, दातांचे एक डॉक्टर, ज्यांची डिझेलवरची गाडी एवढी उंच होती की त्यांना स्वतःला आत चढायला दरवाज्याची मूठ धरून झोका घ्यावा लागे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांच्या मते कार्ब्युरेटर गेला आणि जग बुडालं, म्हणून सगळे त्यांना कार्ब्युरेटरकाका म्हणत, आणि चॅनेलवाला. चॅनेलवाला मोबाइलवर गाड्यांची परीक्षणं करून टाकायचा. प्रत्येक गाडीला तो "सेगमेंटमधली बेस्ट, पण…" असं म्हणायचा आणि त्या "पण"नंतर पुष्कळ वेळ घ्यायचा. त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. सभेला तो सायकलवर येई.

"टर्बो म्हणजे काय, तर पळणाऱ्याला मागून ढकलायचं," काका सुरुवात करत. "स्वतःच्या फुप्फुसांवर पळेल ते इंजिन."

"काका, तुम्ही तुमच्या फुप्फुसांवर माझ्या दवाखान्याचा जिना चढून दाखवा," डॉक्टर म्हणत.

"चढलो की परवा! कवळी बसवायला. अजून टोचतेय."

"मित्रांनो," चॅनेलवाला मध्ये पडे, "इथं मी एक मुद्दा क्लिअर करतो…"

"आधी गाडी घे, मग मुद्दे क्लिअर कर."

मग टॉर्कराव घसा खाकरत. सगळे गप्प होत. टर्बोला जाग यायला जो उशीर लागतो त्यावर ते बोलू लागत आणि ऐकणाऱ्यांना त्याचा प्रत्यक्ष अनुभव येई.

एका रविवारी बायको गाडीत बसून या सभेची साक्षीदार झाली होती. दोघांना तिच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. वाटेत "दोन मिनिटं" म्हणून टॉर्कराव उतरले. मांडीवर भेटवस्तूची पिशवी घेऊन ती बसून राहिली. बाहेर वाद पेटला होता: सकाळी इंजिन चालू केल्यावर लगेच निघावं, की ते गरम होईपर्यंत थांबावं. काका म्हणत होते थांबावं. डॉक्टर म्हणत होते नव्या तेलांना गरज नाही. बहिणीचा फोन आला, "निघालात का गं?" तिनं काचेतून बाहेर बघितलं. "इंजिन गरम होतंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं बहिणीचा पुन्हा फोन आला, की आम्ही जेवून घेतो.

तिला गाडी चालवता येत नव्हती असं नाही. लायसन्स तिनं लग्नाआधीच काढलं होतं. पण टॉर्कराव शेजारी बसले की तिच्या पायांना अर्धांगवायू होई. "क्लच सोड. अगं, सोड म्हणजे हळू सोड. हळू म्हणजे इतकं हळू नाही, प्लेट जळेल. थांब. नको. उतर." त्यांचा उजवा हात हँडब्रेकवर असे आणि डावा हवेत, आशीर्वाद द्यावा की कानाखाली वाजवावी हे न ठरल्यासारखा. दोन-तीन वेळा हे झाल्यावर तिनं तो नाद सोडला. लायसन्स तिच्या पर्समध्ये जुन्या फोटोसारखं राहिलं.

आणि मग इस्पितळानं शहराबाहेर नवी इमारत बांधली. तिथल्या एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून तिचं नाव निघालं. सकाळची पाळी. पहिली बस तिथं पोहोचायची तेव्हा निम्मी पाळी सरलेली असायची. मोठ्या डॉक्टरीणबाई स्पष्ट होत्या. "तुम्ही वेळेवर याल याची खातरी असेल तरच हो म्हणा. किल्ली तुमच्याकडे राहणार. तुम्ही नाही आलात तर खोली उघडत नाही. पहिला आठवडा बघू, नाही जमलं तर मला दुसरं कुणी शोधावं लागेल."

तिनं हो म्हटलं. आयुष्यात प्रथमच घरी न विचारता. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या खोलीत, दुसऱ्यांच्या यंत्रावर काम केलं होतं. आता खोली तिची असणार होती. तिला ती खोली हवी होती, इतकी की त्या रात्री जेवताना तिचा घास हातातच राहिला.

"अहो, मला गाडी लागेल. रोज. दोन आठवड्यांनी, सोमवारपासून."

टॉर्कराव चावायचे थांबले. तिला वाटलं, आता हसू येणार. पण त्यांचे डोळे चमकले.

"एवढ्या लांब? हायवेनं?" ते म्हणाले. "मग ही अशी गाडी कशी देऊ तुला? तिचं बूड हलतं वळणावर. आधी तिला तयार करायला हवी."

"तयारच आहे की. रोज सकाळी ऐकता ना तुम्ही."

"ते इंजिन गं. मी सस्पेन्शनचं बोलतोय."

झालं. पुढचे दोन रविवार सभा तळघरात भरली. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली. ठरलं असं, की जुन्या स्प्रिंगा काढून आखूड आणि ताठ बसवायच्या, गाडी जमिनीला चिकटून धावली पाहिजे, चाकं रुंद, पुढे खाली एक ओठासारखी पट्टी, म्हणजे हवा गाडीखाली शिरणार नाही, आणि मागे मोकळा एक्झॉस्ट, तो कशासाठी ते कुणी सांगितलं नाही, पण त्याच्यावर सगळ्यांचं एकमत होतं. ती वर स्वयंपाकघरात चहा करून थर्मास खाली पाठवी, आणि खालून तिला वाद ऐकू येत. स्प्रिंग किती ताठ असावी. आपल्या रस्त्यांचे खड्डे. परदेशातल्या शर्यती. डॉक्टर म्हणत होते, अजून एक बोट खाली घ्या. काका म्हणत होते, आमच्या वेळी गाड्या उंच होत्या आणि माणसंही. चॅनेलवाला सगळ्याचं चित्रण करत होता. "तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं," टॉर्कराव हात काळे करून वर येत आणि तिला सांगत. साबण लावतानाही ते शीळ घालत. त्यांना इतकं सुखी तिनं क्वचितच पाहिलं होतं, आणि म्हणून ती पुढच्या चहाचं आधण ठेवी.

"एकदा बाहेर चक्कर मारून बघा ना," ती रविवारी संध्याकाळी म्हणाली.

"छे! पहिला मान तुझा," टॉर्कराव म्हणाले. "उद्या सकाळी. सगळे येणार आहेत बघायला."

आणि खरंच, सोमवारी उजाडता उजाडता चारही तज्ज्ञ तळघराच्या तोंडाशी हजर होते. चॅनेलवाल्यानं मोबाइल काठीला लावला होता. ती इस्त्रीचा पांढरा कोट घालून आली. डबा मागच्या सीटवर ठेवला, नव्या खोलीची किल्ली पर्समध्ये चाचपली. गाडीत बसताना तिला आपण खड्ड्यात उतरतोय असं वाटलं. टॉर्कराव शेजारी बसले नाहीत. बाहेर उभं राहून त्यांना गाडी जाताना बघायची होती. हे तिला त्या दिवसातलं सर्वांत मोठं नशीब वाटलं.

तिनं क्लच सोडला. हळू. गाडी निघाली, तळघरात असा गडगडाट झाला की वरच्या मजल्यावरचं एक मूल रडायला लागलं. तिनं वळण घेतलं, चढाला लागली, पहिल्या गिअरमध्ये वर आली, पुढची चाकं चढाचा माथा ओलांडून रस्त्यावर उतरणार एवढ्यात पोटाखाली खर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी थांबली. तिनं ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगरली. धूर निघाला. गाडी चढाच्या माथ्यावर पोट टेकून बसली होती, पुढे नाही, मागे नाही.

तळघरातून बाहेर निघण्याचा रस्ता हा एकच होता, आणि त्यावरून गाडी रोज नाही तरी आठवड्याला एकदा वर येत होती. टायरचा दाब, हवेचा रोध, हायवेवरची वळणं, सगळ्याचा विचार झाला होता. चार डोकी, दोन रविवार. घराच्या दारातला चढ मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

"ब्रेकओव्हर अँगल," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"अप्रोच अँगल," चॅनेलवाला म्हणाला.

"अप्रोच म्हणजे पुढचा. हे पोट आहे. ब्रेकओव्हर."

"मी म्हटलंच होतं, एक बोट जास्त झालं," काका म्हणाले.

"तुम्ही कधी म्हटलंत? तुम्ही कार्ब्युरेटरचं म्हणत होता!"

मागे तळघरात एकेक वाहन येऊन थांबू लागलं. भोंगे वाजू लागले. तळमजल्यावरची शिवणकाम करणारी बाई स्कूटर घेऊन अडकली होती. ती ओरडली, "अहो टॉर्कराव, गाडी आहे का धोंडा ठेवलाय दारात? मुलीची शाळा आहे माझ्या!"

ती गाडीतून उतरली. उतरण्यासाठी तिला हात टेकावा लागला. कोटाला धूळ लागली.

"अहो," ती म्हणाली, "मी कशी जाऊ आता?"

टॉर्कराव गाडीखाली वाकून बघत होते. "टायरमध्ये जास्त हवा भरली तर," ते म्हणाले, "एखादा इंच मिळेल. काय वाटतं, डॉक्टर?"

"अहो, मी जाऊ कशी?"

"थांब गं जरा. इथं सगळे बोलतायत ना."

त्यांनी वर पाहिलं नाही. ती थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. वाकलेली पाठ, शर्टाची शिवण ताणलेली. मग तिनं मागचं दार उघडून डबा काढला आणि ती रस्त्यावर आली. कोपऱ्यावरच्या दुकानात पाव उतरवून एक टेम्पो निघत होता. तिनं हात केला. ड्रायव्हरनं तिचा पांढरा कोट बघून दार उघडलं. टेम्पोला टॉर्क किती होता कुणास ठाऊक. तो निघाला आणि पोहोचला.

ती उशिरा पोहोचली. बंद दारासमोर बाकावर माणसं बसली होती. एकाचा हात गळ्यात, एक म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटलेली. मोठ्या डॉक्टरीणबाई तिथं उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. तिच्या अंगाला ताज्या पावाचा वास येत होता, तो त्यांना आला असावा.

"उद्या?" त्यांनी विचारलं.

"उद्या वेळेवर," ती म्हणाली, आणि किल्ली फिरवली.

संध्याकाळी घरी आली तर गाडी तळघरात परत गेली होती. इमारतीतल्या माणसांनी शिव्या देत देत ती उचलून मागे ढकलली होती. दिवाणखान्यात चौघं बसले होते. चॅनेलवाल्याचा व्हिडिओ सकाळपासून खूप लोकांनी पाहिला होता, आणि त्याखाली अनोळखी माणसं भांडत होती, त्यामुळे वातावरण उत्साहाचं होतं.

"जुन्या स्प्रिंगा लावा," ती दारातूनच म्हणाली. "आत्ता."

चौघांनी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"जुन्या स्प्रिंगा भंगारात दिल्या," टॉर्कराव म्हणाले.

"मग नव्या आणा, जुन्यांसारख्या."

"म्हणजे परत कंपनीची गाडी? होती तशी?" त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "मग आपण केलं काय?"

"तेच मी विचारतेय."

"वहिनी, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर चढ चुकीचा बांधलाय," चॅनेलवाला म्हणाला.

तिनं त्याची सायकल दाराबाहेर लावलेली पाहिली होती. "तुम्ही घरी कसे जाणार, भाऊ?" तिनं गोड आवाजात विचारलं. "पोहोचाल ना वेळेवर?"

तो आठवडा ती पावाच्या टेम्पोनं गेली. ड्रायव्हर वाट वाकडी करून तिला सोडायचा. पुढच्या आठवड्यात इस्पितळातल्या एका निवृत्त होणाऱ्या परिचारिकेची जुनी, लहानशी, राखाडी गाडी तिनं विकत घेतली. तिच्यात काहीच नव्हतं. इंजिन शिंकल्यासारखं चालू व्हायचं आणि तिला रोज तिच्या खोलीपर्यंत पोहोचवायचं. ती गाडी चढावरून पहिल्यांदा वर आली तेव्हा कुणी बघायला नव्हतं. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती रस्त्याच्या कडेला थोडी थांबली, आणि एकटीच मोठ्यानं हसली.

टॉर्करावांनी त्या गाडीचं परीक्षण लिहून सभेच्या ग्रुपवर टाकलं. लांबलचक. स्टेअरिंग मेलेलं. गिअर खिरीतून चमचा फिरवल्यासारखे. बसण्याची जागा बाकासारखी. शेवटी लिहिलं होतं, "ज्यांना फक्त पोहोचायचं आहे त्यांच्यासाठी." शेरा अपमानाचा होता. डॉक्टरांच्या बायकोनं तो तिला दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "जन्मात एक परीक्षण बरोबर लिहिलं."

अशी पुष्कळ वर्षं गेली. ती विभागप्रमुख राहिली. टॉर्कराव बसनं दुकानात जात राहिले आणि खाली बसलेली गाडी खाली बसून राहिली. तिच्या चाकांखालची जमीन तेलानं काळी झाली. नव्या स्प्रिंगांचं रोज ठरे, पण कंपनीच्या घ्याव्यात की मधल्या उंचीच्या, यावर सभेचं एकमत झालं नाही. काका वारले, तरी वाद मिटला नाही. त्यांचं मत आता डॉक्टर मांडू लागले. राखाडी गाडीत टॉर्कराव बसले नाहीत. पाहुण्यांकडे जायचं तर ती गाडीनं जाई, ते बसनं येत. दोघं दारात भेटत आणि यजमान बुचकळ्यात पडत.

मग त्यांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून काही वेळा इस्पितळात न्यावं लागे. बसमध्ये उभं राहणं जमेना. पहिल्या दिवशी ते राखाडी गाडीच्या दारापाशी उभे राहिले आणि दाराची फट बोटानं तपासली. "पॅनेल सारखी नाहीत," ते म्हणाले. तिनं आतून दार उघडलं. ते बसले, गुडघे डॅशबोर्डला लागले, सीट मागे सरकवायचा दांडा त्यांना सापडेना. तिनं वाकून सरकवला.

सुरुवातीचे काही महिने सूचना चालू होत्या. "तिसऱ्यात घे. इंजिन ओरडतंय." "ओरडू दे," ती म्हणे. नंतर सूचना कमी झाल्या. ते खिडकीबाहेर बघत. एकदा सिग्नलला शेजारी एक चकचकीत नवी गाडी येऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी तिला प्रथम भीती वाटली.

ते गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर आणि चॅनेलवाला भेटायला आले. सोफ्याच्या कडेवर बसले. थोडा वेळ हुंदके, थोडा वेळ पाणी. मग डॉक्टरांनी घसा साफ करून विचारलं, की खालच्या गाडीचं काय करायचं ठरवलंय. कंपनीच्या रूपात आणून विकली तर लवकर जाईल, असं ते म्हणाले. चॅनेलवाला म्हणाला, छे, आहे तशी विकावी, दर्दी माणसं शोधत येतील. डॉक्टर म्हणाले, दर्दी येतील, पण ती बाहेर कशी काढतील? चॅनेलवाला म्हणाला, क्रेननं. तळघरात क्रेन? का, छोटी मिळते. आवाज चढले. ती ट्रे घेऊन उभी होती आणि तिला वाटलं, टॉर्कराव असते तर आत्ता घसा खाकरला असता.

निघताना चॅनेलवाला दारात रेंगाळला. टॉर्करावांवर एक व्हिडिओ करायचा होता त्याला, श्रद्धांजलीचा. "शेवटी काही म्हणाले का, वहिनी?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "इंजिनांबद्दल वगैरे? म्हणजे, एक मेसेज म्हणून?"

"नाही," ती म्हणाली आणि दार लावलं.

शेवटच्या सकाळी ती त्यांना नेहमीसारखी नेत होती. इस्पितळात पोहोचल्यावर त्यांना बोलता आलं नाही, म्हणजे बोलणं काय झालं ते गाडीतच. रस्ता रिकामा होता. इस्पितळाच्या फाटकाशी तिनं वळायला वेग कमी केला, तेव्हा त्यांनी बाजूच्या आरशात बघितलं, आणि कुठलाही शेरा न मारता, शेजारी बसलेला कुणीही माणूस चालवणाऱ्याला सांगतो तसं सांगितलं, "मागून स्कूटर येतेय. तिला पुढे जाऊ दे, मग वळ."